पाकिटावरचे किलो आणि बादलीचे फेरे: सहा पाकिटं स्विव्हल-स्नॅप वापरून झाल्यावर

दिवाळीपासून या जूनपर्यंत मी गळाच्या दोरीत लावायच्या स्विव्हल आणि स्नॅप या बारक्या कड्यांची सहा पाकिटं घेतली. पोस्टेज धरून आठशे ऐंशी रुपये. बायकोच्या मते एवढ्या पैशात आठवडी बाजारातून अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा मासा आला असता. तिचं खरंच आहे. पण मासा विकत घेणाऱ्याला गळाला लागलेला मासा निसटण्याची अडचण कळत नाही आणि ज्याला कळते त्याला आठशे ऐंशीचं काही वाटत नाही, म्हणून लिहितोय.

माझं अंबाजोगाईत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या, विहिरीच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी दिवसभर उघडायच्या, बेरिंग ठोकायच्या, तार भरायची. रविवारी सकाळी धनेगावला मांजरा धरणावर नाहीतर सवड असली तर माजलगावला गळ घेऊन जायचं. धरणातला मासा सोसायटीच्या ठेक्यात असतो, म्हणून विचारून बसतो. आषाढात मासा अंड्यावर आला की सामान गुंडाळून माळ्यावर टाकतो. एवढी शिस्त पाळली की कोणी उठवत नाही.

सुरुवात फाल्गुनात माजलगावला झाली. भाच्याने दिलेला पितळी स्पिनर आमिष म्हणून लावला होता, पात्याचा, ओढला की गरगर फिरणारा. दिवस मावळताना काहीतरी जड लागलं. धक्का असा की शिवडाच असावा, मरळीचा झटका वेगळा असतो. दोन-तीन मिनिटं ओढाताण झाली आणि एकदम दोरी मोकळी. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटला म्हणून शिव्या देत गुंडाळला, तर तंगूस शाबूत, गाठ शाबूत, स्विव्हलही शाबूत. त्याच्या पुढचा स्नॅप मात्र उघडून सरळ झालेला, लहान बाळाच्या लंगोटाची पिन वाकडी होते तसा. पाकिटावर छापलं होतं पंधरा किलो. माझा तंगूस आठ किलोचा. पंधरा किलोच्या वस्तूने आठ किलोच्या दोरीआधी हात टेकावेत, हे मला मेकॅनिक म्हणून पचलं नाही. मासा गेल्याचं दुःख दुसऱ्या दिवशी ओसरलं, हे नाही ओसरलं.

ज्यांनी अजून साधा गळच वापरलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. स्विव्हल म्हणजे मध्ये एक छोटी डबी आणि दोन टोकांना दोन कड्या. एक कडी फिरली तरी दुसरी स्थिर राहते, त्यामुळे आमिष किंवा मासा गरगरला तरी पीळ मागच्या दोरीत जात नाही. आमच्या टोळीत याला फिरकी म्हणतात. स्नॅप म्हणजे उघड-मीट करता येणारी तारेची कडी. गाठ न सोडता आमिष बदलता येतं. काम एवढंच. पण रॉडपासून गळापर्यंतच्या साखळीत सगळ्यात स्वस्त वस्तू हीच असते, म्हणून खरेदी करताना सगळ्यात कमी विचारही हिच्यावरच होतो.

बोअरच्या मोटारीत खाली थ्रस्ट बेरिंग असतं. पंप पाणी वर ढकलतो तेव्हा सगळा दाब उभा खाली येतो आणि तो दाब सोसत हे बेरिंग फिरत राहतं. मोटर हातात धरून शाफ्ट फिरवला तर कुठलीही मोटर लोण्यासारखी फिरते. खरी परीक्षा दाबाखाली. स्विव्हलचंही अगदी तेच. दुकानात पाकीट फाडून बोटाने फिरवून "बघा, कसं फिरतंय" म्हणणाऱ्या दुकानदाराला मी आता हसतो. रिकामं कोणीही फिरतं. दोन-चार किलोचा ताण असताना फिरतं का, हे बघायचं असतं.

साध्या बॅरल स्विव्हलमध्ये बेरिंग नसतंच. आतल्या तारेचं चपटं डोकं डबीच्या तोंडावर घासत फिरतं. ताण वाढला की घर्षण वाढतं आणि एका मर्यादेनंतर फिरण्याऐवजी दोरीच पीळ खाते, कारण दोरीला पीळ खाणं सोपं जातं. 'रोलिंग' नावाने जे मिळतं त्यातही छर्रे नसतात, नाव थोडं फसवं आहे. घडण जास्त सफाईदार असते आणि त्याच ताकदीला आकार लहान मिळतो, एवढंच. छर्रे असतात ते बॉल बेअरिंगवाल्यात, आणि किंमत तिथेच उडी मारते.

तर पाकिटं. नावं घेत नाही, कारण यातली दोन पाकिटं मला तीन वेगवेगळ्या नावांनी दिसली, आतला माल तोच. पहिलं गावातल्याच दुकानातलं, साधे पितळी बॅरल, वीस नग पन्नास रुपये, आकडा काहीच छापलेला नाही. दुसरं ते गुन्हेगार, स्विव्हलला सेफ्टी पिनसारखा स्नॅप जोडलेलं, दहा नग चाळीस. तिसरं काळ्या रंगाचे रोलिंग, सात नंबर, दहा नग एकशे दहा, छापील चोवीस किलो. चौथं बॉल बेअरिंग पण टोकाच्या कड्या चावीच्या रिंगसारख्या दोन वेढ्यांच्या, पाच नग दीडशे. पाचवं बॉल बेअरिंगच, पण कड्या वेल्ड करून बंद केलेल्या, पाच नग तीनशे वीस. सहावं नुसते स्नॅप, ज्यांच्या तारेची दोन्ही टोकं मधल्या तारेवर वळवून अडकतात, डबल लॉक म्हणतात ते, दहा नग एकशे तीस. ऐंशी रुपये पोस्टेज.

नंबरांचा घोळ आधीच सांगतो. बारा नंबर म्हणजे बारीक, सात त्याहून मोठा, एक त्याहून मोठा आणि मग एक-शून्य, दोन-शून्य करत उलटं वाढत जातं. आमच्या धंद्यात तारेच्या गेजचंही असंच आहे, नंबर वाढला की तार बारीक, म्हणून मला सोपं गेलं. भाच्याने मात्र पहिल्यांदा "मोठा नंबर म्हणजे मजबूत" म्हणून चौदा नंबर मागवले होते. मुंगीला घुंगरू बांधावेत तसे दिसत होते. आणि एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या साताइतका मजबूत असेलच असं नाही. नंबर आकाराचा, ताकद वेगळी वाचायची.

दुकानात मोटारी उचलायला चेन ब्लॉक आहे. त्याला सामान तोलायचा डिजिटल काटा अडकवला, काट्याला स्विव्हल, खाली फरशीत रोवलेली कडी. डोळ्याला चष्मा लावून हळूहळू साखळी ओढायची. प्रत्येक पाकिटातले तीन-तीन नग. हे काही प्रयोगशाळेतलं नाही, काटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवत असेल, पण फरक एवढे मोठे निघाले की अर्ध्या किलोचा प्रश्नच आला नाही.

पन्नास रुपयांचे बॅरल सतरा, एकवीस आणि बारा किलोला गेले. मला बाराचा राग नाही आला, बारा आणि एकवीस एकाच पाकिटात असण्याचा आला. काळे रोलिंग सव्वीस, पंचवीस, सत्तावीस. छापलेल्यापेक्षा जास्त, आणि तिघांचं एकमत. माल चांगला असल्याची खूण मला ही वाटते. वेल्ड कडीचे बॉल बेअरिंग तीस, एकतीस, तेहतीस, छापील तीस. दोन वेढ्यांच्या रिंगवाले मात्र अकरा, तेरा, अकरा, आणि छापील होते वीस. त्यांच्यात बेरिंगला काही झालं नाही, रिंग ताणून उघडली. म्हणजे आकडा बेरिंगचा छापला होता, रिंगचा नाही. सबमर्सिबलच्या मोटारीवर हॉर्सपॉवर खरं लिहायचं आणि केबल मात्र शिवणकामाच्या दोऱ्याएवढी द्यायची, तसला प्रकार.

डबल लॉक स्नॅप चौदा, पंधरा, चौदा. छापील चौदा. प्रामाणिक माणूस.

आणि गुन्हेगार? सात, नऊ, आठ. सरळ ओढल्यावर. मग दोन नग आडवे लावून ओढले, म्हणजे ओढ कुलपाच्या बाजूवर येईल असे. साडेचार आणि चार किलोला पिन निसटली. इथे मला माजलगावच्या शिवड्याचं उत्तर मिळालं. पाकिटावरचा आकडा, खरा असला तरी, सरळ रेषेतल्या ओढीचा असतो. मासा सरळ रेषेत ओढत नाही. तो वळतो, डोकं झटकतो, तळाला घासतो, आमिषाची कडी स्नॅपच्या गोलाईतून सरकून कुलपावर येऊन बसते, आणि मग पंधरा किलोचे चार होतात. डबल लॉकलाही आडवं ओढून पाहिलं. तो अकरा किलोला वाकला, पण सुटला नाही. आठ किलोच्या तंगूसाला अकरा पुष्कळ झाले.

आता फिरण्याची परीक्षा. हिच्यासाठी काही यंत्र लागत नाही, कोणीही घरी करून बघा. छताच्या हुकाला स्विव्हल, त्याला दीड हात तंगूस, त्याला बादली. बादलीत दोन लिटर पाणी. बादलीला हाताने वीस फेरे द्यायचे, थांबवायची, सोडायची. स्विव्हल खरंच फिरलं असेल तर बादली जागेवर राहते. दोरीने पीळ खाल्ला असेल तर बादली उलटी फिरायला लागते. उलटे फेरे मोजा. जेवढे उलटे, तेवढा खोटेपणा.

साध्या बॅरलवर दोन लिटरला बादली चौदा फेरे परत आली, सहा लिटरला एकोणीस. म्हणजे सहा किलोच्या ताणाला ते असून नसल्यासारखं. काळे रोलिंग नऊ आणि सोळा. दोन्ही बॉल बेअरिंगवाले मात्र पाचाच्या आत, वेल्डवालं तर सहा लिटरला दोन फेऱ्यांवर थांबलं. माझ्या दुकानात येणारा एक भोई काका हे सगळं बिडी ओढत बघत होता. त्याचा बाप धरणाच्या आधीपासून मांजरेत जाळं टाकायचा. म्हणाला, "का हो, मासा धरायलाव का बादलीला झोका द्यायलाव?" मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या बापानं गाठीवर सगळं केलं." तेही खरं. पण त्याच्या बापाने स्पिनर वापरला नव्हता, गांडूळ स्वतःभोवती फिरत नाही.

म्हणूनच कुठे काय लावायचं हे आमिषावर ठरतं, खिशावर नाही. कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून तळाला बसत असाल, रोहू-मृगळासाठी, तर काळं रोलिंग पुरे. शिसं वर मोकळं सरकतं, खाली स्विव्हल त्याला अडवतं, त्याच्या पुढे हातभर दोरी आणि गळ. इथे स्विव्हलचं अर्धं काम अडसराचं आहे. तीनशे वीसचं बॉल बेअरिंग इथे लावणं म्हणजे बैलगाडीला ट्यूबलेस टायर. पात्याच्या स्पिनरला मात्र बॉल बेअरिंगच, आणि ते आमिषाला चिकटवून न लावता हातभर मागे. शिवड्याच्या तोंडात बारीक दातांची गर्दी असते, पुढची हातभर दोरी जाड ठेवली तर दोन्ही कामं होतात.

मरळीसाठी रबरी बेडूक वापरत असाल तर काहीच लावू नका. जलपर्णीवरून बेडूक सरकवताना स्नॅपमध्ये पाला अडकतो, शिवाय नाकावर वजन आलं की बेडूक तोंड खाली घालून पोहतो. मरळ काही खुळी नाही. सरळ गाठ मारा. आणि पिलांच्या तांड्यावर फिरणारी मरळ दिसली तर तिला सोडून द्या, तिच्यामागची शेकडो पिलं दुसरे मासे दोन दिवसांत संपवतात.

बहुतेकजण गरजेपेक्षा मोठं स्विव्हल लावतात. मीही लावायचो. मजबुतीची भूक असते ती. पण आठ किलोच्या तंगूसावर गाठ मारली की त्याचे आधीच आठ राहत नाहीत, आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील दोरी सोडेल तो ब्रेक, आपण अडीच किलोच्या आसपास ठेवतो. मग पन्नास किलोचं स्विव्हल कशाला? ते पाण्यात चमकतं, आमिषाची चाल मारतं, फेकताना भिरभिरतं. दोरीच्या दुप्पट ताकदीचं घ्या, त्यातलं सगळ्यात लहान घ्या, काळं घ्या. आणि गुंडाळताना स्विव्हल रॉडच्या शेंड्याच्या कडीत घुसू देऊ नका. आतली चिनी मातीची कडी तडकते, मग तीच कडी दोरी कापते, आणि आपण दोष स्विव्हलला देतो. माझ्या एका रॉडचा शेंडा असाच गेला.

स्विव्हलला सगळ्या पिळाचं औषध समजू नका हेही सांगायला हवं. मासा दोरी ओढून नेत असताना, ड्रॅग कर्रकर्र वाजत असताना, घाबरून हँडल फिरवत राहिलात तर रील स्वतःच दोरीला पीळ घालते. हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ, कारण गिअरच तसा असतो. त्यावर जगातलं कुठलंही स्विव्हल काही करू शकत नाही. तो ओढतो तेव्हा थांबायचं, तो थांबतो तेव्हा ओढायचं. पीळ चढलाच असेल तर आमिष, स्विव्हल सगळं काढून नुसती दोरी वाहत्या पाण्यात सोडायची. मी पैठणच्या उजव्या कालव्याला पाणी असलं की माजलगावच्या अलीकडे थांबून सोडतो. चाळीस-पन्नास मीटर दोरी पाच मिनिटं वाहत्या पाण्यात राहिली की सुतासारखी सरळ होते.

लोहचुंबक खिशात ठेवा. पितळी डबीला तो चिकटत नाही. जोरात चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. स्नॅपच्या तारेचं मात्र वेगळं. चांगली स्टेनलेसची स्प्रिंग तारही चुंबकाला थोडी ओढली जाते, कारण थंडपणी ओढून काढलेल्या स्टेनलेसमध्ये तो गुण येतो. एवढ्यावरून माल परत करू नका. भाच्याने केला होता, आणि दुकानदाराने त्याच्याशी वाद न घालता बदलून तसाच दुसरा दिला.

पितळेबद्दल माझं मत दुकानात बनलेलं नाही, धरणात बनलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो एप्रिल. आमच्याकडेही टँकरच. धंदा मात्र जोरात, कारण खोल गेलेल्या बोअरवर जळालेल्या मोटारींची रांग. एका दुपारी डोकं भणभणलं म्हणून धनेगावला गेलो आणि जिथे एरवी चार पुरुष पाणी असतं तिथे चपलेने चालत गेलो. भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जावा. एका बुडलेल्या बाभळीच्या खोडाला वर्षानुवर्षांचं अडकलेलं सामान लोंबत होतं. तंगूसाची जाळी, शिशाचे गोळे, गंजून काडी झालेले गळ. मी अकरा स्विव्हल गोळा केले. लोखंडी होते ते बोटात चुरगळले. पितळेचे सात घरी आणून रॉकेलमध्ये टाकले, त्यातले पाच दुसऱ्या दिवशी फिरायला लागले. स्नॅप एकही वापरण्याजोगा नव्हता. त्या पाचांतलं एक अजून माझ्या डबीत आहे. वापरत नाही.

देखभाल फार नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्यात खळबळून, पुसून, उघड्यावर वाळवा. ओली डबी बंद करून ठेवणं हा खरा शत्रू. बॉल बेअरिंगमध्ये धरणाचा बारीक गाळ जातो, हाताला खरखर लागली की रॉकेलमध्ये धुवा आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब. ग्रीस नको, गाळ धरून ठेवतं. स्नॅप वीस-पंचवीस वेळा उघड-मीट झाला की बदला. तार एकाच जागी वाकून वाकून थकते, वरून काही दिसत नाही. मोटारीच्या टर्मिनलची तारही अशीच तुटते.

आता माझ्या डबीत तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या पाकिटाचा माल आहे. तिसरं पुन्हा मागवलं. पाचव्यातले तीन ओढून तोडल्याचं वाईट वाटतं, सरळ हिशोबाने दोनशे रुपये होतात ते, उरलेले दोन जपून वापरतोय. सहाव्याबद्दल एकच तक्रार आहे, थंडीत ओल्या बोटांनी उघडायला अवघड जातो, नख दुखतं. सोप्या उघडणाऱ्या स्नॅपने माझा शिवडा सोडला, तेव्हा नख दुखलं तरी चालेल. चौथ्याच्या रिंगा काढून टाकल्या आणि वेल्ड कड्या घालता येतील का बघतोय. भाचा म्हणतो, "मामा, तेवढ्या वेळात नवीन येतंय." येतं, पण माझं दुकानच दुरुस्तीचं आहे.

दुसऱ्या पाकिटातले चार नग उरलेत. दुरुस्तीला आलेल्या मोटारींना गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी अडकवायला वापरतो. पटकन उघडतात, तिथे चांगले चालतात.